दसऱ्याच्या पाटावरच्या किल्ल्या

झिपरू पाटलांना कचेरीत कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे आप्पा म्हणत. तालुक्याच्या मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून होते. मामलेदार येत आणि बदलून जात. आप्पा तिथेच असत. नवा मामलेदार पहिल्या दिवशी दप्तर समजून घेई आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना. शहाणा असला तर आधी आप्पांना.

तापीकाठच्या गावात त्यांची काळी जमीन होती. भावांनी ती सांभाळली. आप्पांचं अक्षर सुंदर, म्हणून ते कचेरीत लागले. पांढरं धोतर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. उन्हाळ्यात तापीकाठी दगड तापतो, पण आप्पांच्या कोटाचं वरचं बटण उघडं कोणी पाहिलं नाही. त्यांना शंका म्हणून येत नसे. आलीच तर ती दुसऱ्याची आहे असं समजून ते तिचं निरसन करीत.

चीनशी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. जिल्ह्याहून एक परिपत्रक आलं. आणीबाणीचा काळ आहे. प्रत्येक कचेरीने आपल्या नोकरांकडून सुरक्षिततेबद्दल सूचना मागवाव्यात. त्या तपासून योग्य-अयोग्य शेऱ्यासह वर पाठवाव्यात. तपासणार अव्वल कारकून.

त्याच पावसाळ्यात आणखी एक बातमी आली होती. नायब मामलेदारीची यादी तयार होत होती आणि आप्पांचं नाव तीत होतं. ह्या जागेची त्यांनी सारी नोकरी वाट पाहिली होती. भावांना त्यांनी सांगूनही टाकलं होतं. झालं असं समजा, म्हणाले होते.

सूचना येऊ लागल्या. आप्पांच्या टेबलावर कागद साचले.

नाझर चुनीलाल म्हणजे खजिन्याचा माणूस. तिजोरीच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडे. त्याने लिहिलं, दप्तरखान्याच्या माणसाची पिशवी घरी जाताना तपासावी. दप्तरखान्यात भटू होता. त्याने लिहिलं, नाझरांच्या टेबलाचे खण अधूनमधून उघडून पाहावेत.

आप्पांनी दोघांना समोर उभं केलं.

"काय रे, चीन कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चीन उत्तरेला आहे. तुम्ही एकमेकांच्या टेबलावर मोर्चा लावलाय. भाऊबंदकीचे दावे मी ह्या कचेरीत रोज पाहतो. सूचनेच्या कागदावर आणखी दोन नकोत."

"आप्पा, पण कुंपणच शेत खातं," चुनीलाल म्हणाला.

"खातं. म्हणून दोन्हीकडे लिहितो, अयोग्य."

भटूची दुसरी सूचना मात्र आप्पांना तपासावीशी वाटली. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून माणसं येत. दाखले काढत, तक्रारी देत. बरोबर धनुष्यबाण, कुऱ्हाड. ती ते निंबाच्या झाडाला टेकवून ठेवत आणि आत येत. भटूने लिहिलं होतं, ही हत्यारं दारात जमा करून घ्यावीत.

सूचना कागदावर तपासायची नाही, कचेरीत तपासायची, ही आप्पांची रीत. पुढच्या बाजाराला त्यांनी शिपाई गोवाल याला दारात बसवलं. गोवाल डोंगरातलाच, त्या लोकांची बोली बोलणारा. हत्यारं घ्यायची, चिठ्ठी द्यायची. दुपारपर्यंत रांग निंबाच्याही पलीकडे गेली. व्हरांड्यात बाणांचा ढीग लागला. भटूला दप्तरखान्यात जायला वाट उरली नाही. एक म्हातारा गोवालला काहीतरी म्हणाला आणि रांग हसली.

"काय म्हणतो?" आप्पांनी विचारलं.

गोवाल जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हनतो, साहेबांना शिकारीला जायचं असंल तर नुसतं सांगायचं ना."

आप्पाही हसले. संध्याकाळी त्यांनी शेरा लिहिला. 'प्रयोग केला. पूर्वी हत्यारे कचेरीबाहेर झाडापाशी असत, आता सर्व कचेरीत आली. अयोग्य.'

असं एकेक निकालात निघत गेलं. काही सूचना योग्य ठरल्या. मागच्या खिडकीचा मोडका गज बदलावा. रात्रीचा कंदील खजिन्याच्या दारापाशी टांगावा. आप्पा समाधानी होते. तेवढ्यात रंजनाबाईंचा कागद आला.

रंजनाबाई कचेरीतल्या टायपिस्ट. माहेर नवापूरचं. नवरा ह्याच कचेरीत कारकून होता. विषमज्वराने गेला. त्या टायपिंग शिकल्या आणि त्याच्या जागी नाही, पण त्याच्या कचेरीत लागल्या. बोलणं कमी. जे बोलत ते टाइप केल्यासारखं. खाडाखोड नाही.

त्यांनी लिहिलं होतं: 'दसऱ्याच्या पूजेत खजिन्याच्या किल्ल्या व पहाऱ्याच्या बंदुका ठेवू नयेत.'

कागद वाचून आप्पांनी चष्मा काढला. पुन्हा लावला.

ही पूजा आप्पांचीच होती. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी ती सुरू केली. तेव्हा ते कनिष्ठ कारकून होते. त्यांच्या घरी दसऱ्याला नांगर, विळे आणि धान्याच्या कोठाराची किल्ली पाटावर मांडत. आप्पांनी तेव्हाच्या मामलेदारांना सांगितलं, साहेब, कचेरी आता आपली आहे, तिच्याही किल्ल्या पूजेत हव्यात. ते मामलेदार गहिवरले. तेव्हापासून दरवर्षी मोठ्या खोलीत पाट मांडला जाई. शिक्के, दौती, टाक, टाइपरायटर. मध्ये पहाऱ्याच्या बंदुका. त्यांच्यापुढे खजिन्याच्या दोन्ही किल्ल्या. झेंडू, आपट्याची पानं, कुंकू. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हत्यारांचा तो विश्रांतीचा दिवस.

आता नियम असा की तिजोरीच्या खोलीला दोन कुलुपं. एकाची किल्ली मामलेदाराकडे, दुसऱ्याची नाझराकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडू नये म्हणून. दसऱ्याला त्या दोन्ही किल्ल्या एका पाटावर शेजारी शेजारी असत. आणि पहारेकरी दारात उभा, पण रिकाम्या हातांनी. त्याची बंदूक फुलांखाली. हे इतकी वर्षं चाललं. तालुक्याला माहीत होतं. ह्यात धोका आहे हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आज ऐकताना विश्वास बसत नाही, पण खरं आहे.

आप्पांनी रंजनाबाईंना बोलावलं.

"बाई, देवापुढची वस्तू कोण उचलणार?"

"ज्याला हवी तो."

"हात झडतील त्याचे."

"ते नंतर, आप्पा. आधी तिजोरी उघडेल."

भटू फिसकन हसला. आप्पांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भटूने फाईल उघडली.

"तुम्हाला हे सुचलं कसं?"

"आरतीला तुम्ही सगळे डोळे मिटता. मला पूजेला बोलावत नाहीत. माझा टाइपरायटर पाटावर जातो, मी जात नाही. मी पलीकडच्या दारातून बघते. मला डोळे मिटायला कोणी सांगितलेलं नाही."

आप्पांच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता. ते पाणी प्यायले.

"पहारा असतो दारात," ते म्हणाले. "भिकन हवालदार. पोलादी माणूस. तो पाटापाशी माशी जाऊ देणार नाही."

"मला जाऊ देणार नाही. पांढऱ्या कपाळाची बाई, दसऱ्याच्या दिवशी. दारातूनच परत पाठवेल." रंजनाबाईंनी पदर सारखा केला. "सवाष्ण आली नैवेद्य घेऊन, तर अडवेल का? एवढं तपासा. तुम्ही सूचना कचेरीत तपासता म्हणून म्हणते."

आप्पा हसले. त्यांच्याच रिवाजाने त्यांना आजवर कोणी धरलं नव्हतं.

"तपासतो," ते म्हणाले. "आणि तुमच्या कागदावर माझ्या हाताने 'अयोग्य' लिहितो. मग रुसू नका."

घरी आप्पा अहिराणी बोलत. मराठी त्यांच्या कोटासारखी. घरी आल्यावर खुंटीला टांगायची. दसऱ्याच्या सकाळी कचेरीतली पूजा आटोपून ते घरी आले. गजराबाई, त्यांची पत्नी, खापरावर पुरणपोळी टाकत होत्या. हातभर रुंद पोळी मनगटावर पसरून त्या खापरावर सोडत. आप्पा चुलीपाशी पाट ओढून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

गजराबाईंचा हात थांबला. "मी? देवना पुढलं उचलू? मन्हा हात झडतीन."

"सरकारी काम शे."

"सरकारले सांगा, सरकारनी बायको धाडा."

"भिकन तुले दारातच आडवी. तू परत ये. मंग मी लिखसू, सूचना बेकाम शे. बस."

"आनि नई आडवं त?"

"आडवी. मन्हा माणूस शे तो."

गजराबाईंनी पोळी उलटली. नवऱ्याकडे पाहिलं. हे पाहणं आप्पांच्या ओळखीचं होतं, पण त्या दिवशी त्यांनी त्याचा अर्थ लावला नाही.

"जास मी," त्या म्हणाल्या. "पन मंग रडानं नई."

त्या नवं लुगडं नेसल्या. ठसठशीत कुंकू लावलं. ताटात केळीच्या पानावर पोळी ठेवली, तूप वाढलं, वर रुमाल झाकला. कचेरी आळीच्या टोकालाच होती. आप्पा जेवायला बसून राहिले. वाढायला कोणी नव्हतं. त्यांना घाईही नव्हती. शेऱ्याचं वाक्य त्यांच्या मनात तयार होतं. 'प्रयोग केला. पहारा चोख आढळला.'

गजराबाई परत आल्या. ताट खाली ठेवलं. रुमाल काढला. ताटात झेंडूची दोन फुलं होती आणि खजिन्याच्या दोन्ही किल्ल्या.

"ह्या ल्या तुमन्या किल्ल्या."

आप्पा बघत राहिले.

"भिकननी आडवं नई?"

"आडवं? दार उघाडी दिधं त्यानी. पाय पडना. सांगं, वहिनी, आप्पासले सांगा, संध्याकायले सोनं देवाले येस. मन्ही पाठ फिरनी तवय तो हात जोडीसन उभा व्हता. डोया मिटीसन."

"आनि बंदुका?"

"त्या जड व्हत्या," गजराबाई म्हणाल्या. "नईते त्या बी लई येतू."

आप्पा उठले. हात न धुता उठले, कारण जेवलेच नव्हते. त्यांनी कोट चढवला, बटणं लावली, वरचंही, आणि किल्ल्या खिशात घातल्या.

कचेरीच्या पायरीवर भिकन उभा होता. तरुण वयात कुस्तीचे फड मारलेला माणूस. आप्पांनी किल्ल्या त्याच्यासमोर धरल्या. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने आत धाव घेतली, पाटापाशी पाहिलं आणि बाहेर आला.

"आप्पा, वहिनीले मी कसा आडवू?"

"हाच ते सवाल शे, भिकन."

"मन्ही नोकरी गई."

"तुन्ही नई जात. तठे मी उभा ऱ्हातू त मी बी नई आडवतू. उभा ऱ्हाय. आनि बंदूक उचल."

"उत्तरपूजा व्हवानी शे अजून."

"पाप मन्हा माथावर. उचल."

भिकनने फुलं बाजूला केली आणि बंदूक खांद्याला लावली. कुंकवाचं बोट त्याच्या खाकी सदऱ्याला लागलं. ते त्याने पुसलं नाही.

आप्पा तिथून थेट मामलेदारांच्या बंगल्यावर गेले. साहेब पुण्याकडचे, वयाने लहान, माणूस भला. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांची किल्ली त्यांच्या हातात होती आणि ती किती जड आहे हे ते अजमावत असल्यासारखे दिसत होते.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"माझं घर, भिकन, आणि आता आपण."

"मग असं करू. ह्या वर्षापासून किल्ल्या पूजेत ठेवणं बंद. तोंडी हुकूम. बाईंची सूचना तुम्ही 'योग्य' म्हणून पाठवा, दोन ओळींत. प्रयोगाचं लिहू नका. इतकी वर्षं हे चाललं हेही नको." साहेबांनी आवाज उतरवला. "आप्पा, यादी अजून वर पक्की झालेली नाही. पूजा कोणी सुरू केली हे ते विचारतील."

"विचारतीलच."

"मग?"

आप्पा खुर्चीत ताठ बसले. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. प्रश्न कठीण होता, पण कागदाचा होता. कागदाच्या प्रश्नाला ते कधी भ्याले नव्हते.

"साहेब, मी ही सूचना वाचली तेव्हा हसलो. का? तर देवापुढचं कोण उचलणार. वर जो बसलाय तोही हसेल. त्याच्याही घरी दसरा आहे. दोन ओळी वाचून तो लिहील, अनावश्यक. मीही तेच लिहिणार होतो. किल्ल्या ताटात आल्या तेव्हा कळलं. त्याला कळायचं तर त्याच्यापुढेही ताट जायला हवं."

"तुमचं नाव जाईल, आप्पा."

"जाईल. मी ह्या कचेरीत सगळ्यांच्या सूचना तपासल्या. माझी एकच होती, ही पूजा. ती तपासायची राहिली होती."

साहेबांनी आपली किल्ली खिशात घातली. मग म्हणाले, "चहा घ्या." आप्पांनी घेतला आणि दुसरी किल्ली द्यायला ते चुनीलालकडे गेले.

शेरा आप्पांनी एका बैठकीत लिहिला. तो टाइप करायला अर्थातच रंजनाबाईंकडे गेला. कचेरीत यंत्राचा आवाज सुरू झाला आणि मध्येच बंद पडला. आप्पांनी मान वर केली नाही.

कागदावर असं होतं: 'प्रयोग केला. खाली सही करणाराची पत्नी सौ. गजराबाई झिपरू पाटील हिने दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी नैवेद्याच्या ताटातून खजिन्याच्या दोन्ही किल्ल्या घरी आणल्या. पहारेकऱ्याचा दोष नाही. पूजेच्या दिवशी सवाष्णीस अडवू नये हा कचेरीचा रिवाज असून किल्ल्या पूजेत ठेवण्याचा रिवाज खाली सही करणाराने पाडलेला आहे. सूचना योग्य. सर्वात योग्य.'

रंजनाबाई कागद घेऊन आप्पांच्या टेबलापाशी आल्या.

"रिवाज कोणी पाडला, ते वाक्य गाळलं तरी सूचना उभी राहते."

"सूचना राहते. भिकन राहत नाही. टाइप करा, बाई."

"माझ्या कागदामुळे तुमची जागा जाईल."

"कागद तुमचा आहे. शेरा माझा आहे. माझ्या शेऱ्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका."

रंजनाबाईंच्या ओठांवर हसू आलं. नवरा गेल्यापासून ते कचेरीत कोणी पाहिलं नव्हतं. त्या जागेवर गेल्या. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि शेवटपर्यंत थांबलं नाही.

हिवाळ्यात दोन्ही कागद एका टपालाने आले. एकात रंजनाबाईंच्या सूचनेची नोंद घेतल्याचं आणि ती ताबडतोब अमलात आणण्याचं कळवलं होतं. दुसरा नायब मामलेदारांच्या यादीचा होता. आप्पांनी तो स्वतः उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. नावं संपली. त्यांचं नाव आलं नाही. चुनीलालने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आप्पांनी कागद फाईलला लावला आणि विचारलं, नाझर, गजाचं काम झालं का? झालं नव्हतं. मग त्यावरून चुनीलालला बरंच ऐकावं लागलं.

घरी सांगणं मात्र राहिलं होतं. गजराबाई तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसल्या होत्या. आप्पा शेजारी टेकले आणि त्यांनीही एक शेंग उचलली.

"यादी उनी," ते म्हणाले. "मन्हं नाव नई."

गजराबाई सोलत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मन्हामुये."

"तुन्हामुये नई. मीच लिखं."

"काय लिखं?"

"जे झायं ते. तू किल्ल्या लई उनी."

त्यांच्या हातातली शेंग खाली पडली. "मन्हं नाव लिखं? सरकारी कागदवर? मी चोरटी ठरनी का मंग?"

"चोरटी कशी? तपासणी करी तू. साहेबनी सही शे त्यानावर. जिल्लाले गया तो कागद. तठे फाईलमा लागना."

गजराबाईंनी पदराने तोंड पुसलं. रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून.

"नुसतं गजरा लिखं, का पुरं नाव लिखं?"

"पुरं," आप्पा म्हणाले. "आनि त्याना आगोदर सौभाग्यवती."